पोराचं पाणी कसं जोखायचं? बेसबॉलबद्दल नाशिकच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारचा सराव संपला की गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला स्कूटरला टेकून उभे असलेले आईवडील एकेक करून जवळ येतात. आधी हवापाण्याच्या गप्पा, मग आवाज खाली आणून, "सर, खरं सांगा, आमच्या पोरात काही आहे का?" एवढ्या वर्षांत हाच प्रश्न इतक्या तऱ्हांनी ऐकलाय की आता उत्तरं लिहूनच ठेवतो. मी शाळेतला पीटीचा मास्तर, कोणी अमेरिकन स्काउट, म्हणजे गुणी खेळाडू हेरणारा, नव्हे. त्यामुळे इथे पुस्तकातलं थोडं आणि मैदानातलं जास्त आहे.

मुलगा दहा वर्षांचा आहे. पुढे मोठा खेळाडू होईल का, हे आत्ता सांगता येईल?

नाही. जो सांगतो त्याच्यापासून जरा लांबच राहा, विशेषतः तो सांगता सांगता फीची पावती फाडत असेल तर.

ज्यांचं पोट याच कामावर चालतं त्यांचाही अंदाज चुकतो. अमेरिकेच्या माइक पियाझाला १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, बासष्टाव्या फेरीत घेतलं. त्याच्या आधी १,३८९ नावं पुकारून झाली होती. तो २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला. व्हेनेझुएलाचा होजे आल्टुवे चाचणीला गेला तेव्हा उंचीमुळे त्याला "उद्या येऊ नकोस" असं सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभा राहिला. २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. उंची पाच फूट सहा इंच. आपल्या कोणत्याही कॉलेजच्या वर्गात सहज मिळेल इतकी.

दहाव्या वर्षी मला दोनच गोष्टी सांगता येतात: आज त्याला काय येतं, आणि शिकवलेलं तो किती लवकर उचलतो. पालकांना पहिल्यात रस असतो, मला दुसऱ्यात.

मग चाचणीत तुम्ही नेमकं बघता काय?

अमेरिकेतले स्काउट खेळाडूला पाच अंगांनी तपासतात. बॅट चेंडूला किती सातत्याने लागते, लागल्यावर चेंडू किती लांब जातो, पळण्याचा वेग, हाताची ताकद आणि क्षेत्ररक्षण. प्रत्येक अंगाला २० ते ८० मधला अंक देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. वेगासाठी ६० यार्ड, म्हणजे आपले साधारण ५५ मीटर पळायला लावतात. सात सेकंदांच्या आसपास आला तर ठीक म्हणतात. कॅचरचं, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणाऱ्याचं, घड्याळ वेगळं असतं. त्याच्या ग्लोव्हमध्ये चेंडू पडल्यापासून सेकंड बेसवरच्या (बेस म्हणजे पळताना गाठायचे थांबे) खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये पोहोचेपर्यंत साधारण दोन सेकंद.

हे सगळं मोठ्या माणसांचं माप झालं. अकरा वर्षांच्या पोराला ते लावलं तर सगळेच २० वर अडकतील आणि घरी जाऊन रडतील. म्हणून मी पाचही अंगं बघतो, पण अंक देत नाही.

पळणं ३० मीटरचं, दोनदा. पहिले दहा मीटर वेगळे मोजतो, कारण बेसबॉलमध्ये सुरुवातीचा झपाटाच कामाला येतो. मोठ्यांच्या मैदानावरही दोन बेसमधलं अंतर जेमतेम साडेसत्तावीस मीटर असतं. जागेवरून लांब उडी एकदा, पायातली ताकद कळायला.

फेकीत मी चेंडू कुठे पडला ते शेवटी बघतो. आधी पाय. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय लक्ष्याकडे पडतो का? कंबर आधी वळते आणि खांदा मागून येतो, की दोन्ही एकदम? कोपर खांद्याच्या रेषेत येतं की खाली लोंबतं? काही पोरं नुसत्या हाताने फेकतात, काही अख्ख्या अंगाने. दुसऱ्या प्रकारच्या पोराचा चेंडू आज पंधरा मीटरवर पडला तरी मला चालतो. ज्याने लहानपणी शेजाऱ्याच्या आंब्याला दगड मारलेत तो शंभरातून ओळखू येतो. त्याला कंबर वळवायला कोणी शिकवलेलं नसतं.

झेल घेताना पहिलं पाऊल बघतो. उंच उडालेला चेंडू आपल्या पुढे पडणार की मागे, हे हवेतच कळणं ही मोठी गोष्ट आहे. बहुतेक नवी पोरं आधी पुढे धावतात, मग मान वर करून मागे पडतात. जमिनीवरून आलेल्या चेंडूला नुसते हात लांबवणारा आणि पाय हलवून चेंडूसमोर येणारा, यातला दुसरा पुढे शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, होऊ शकतो.

बॅटिंगला दहा चेंडू टाकतो. किती लागले हे मोजत नाही. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूवर बॅट फिरवली का, हे मोजतो. चौदा मीटरवरून ताशी ७० किलोमीटरने आलेला चेंडू पाऊण सेकंदाच्या आत अंगाशी येतो. तेवढ्यात मारायचं की सोडायचं हे ठरवणं म्हणजेच बॅटिंग. दंडातला जोर नंतर येतो.

आणि रांगेत उभं असताना पोरगं काय करतं, तेही बघतो. कोणी माती उकरतं, कोणी पुढच्याची फेक टक लावून पाहतं.

मुलगा क्रिकेट चांगलं खेळतो. त्याला बेसबॉल सोपं जाईल ना?

अर्धं सोपं जाईल, अर्धं जास्तच अवघड.

सोपं काय? कडक चेंडूची भीती गेलेली असते. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे सपाट फेक करणारा पोरगा आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, पहिल्या दिवसापासून उभा राहू शकतो. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटचा १५६ ते १६३ चा. म्हणजे हातात उलट हलकाच लागतो.

अवघड काय? टप्पा. क्रिकेटच्या पोराचं अंग टप्प्याची वाट बघतं आणि बेसबॉलमध्ये तो पडतच नाही. चेंडू कॅचरच्या हातात गेला तरी पोरगं आपलं उभंच! दुसरं, सरळ बॅटची सवय. एमआरएफचं स्टिकर लावलेल्या बॅटीने आयुष्यभर 'व्ही'मध्ये खेळायला शिकलेल्याला आडवं, कंबरेतून फिरवायचं सांगितलं की त्याला पाप केल्यासारखं वाटतं. तिसरं, फेअर, म्हणजे हद्दीच्या रेषांच्या आत, चेंडू जमिनीवर मारला की पळावंच लागतं. "नो" म्हणायची सोय नाही.

वेगवान गोलंदाज आपोआप चांगला पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, होईल हा मोठा गैरसमज आहे. गोलंदाजीत कोपर सरळ ठेवायला शिकवतात, पिचिंगमध्ये कोपर वाकवूनच फेकायचं असतं. हाताची जात ओळखायची तर त्याची गोलंदाजी पाहू नका, डीपमधून केलेली फेक पाहा.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर बेसवर पळायला सगळ्यात तयार पोरं खो-खोतून येतात. बसल्या जागेवरून उसळणं, हुलकावणी देणं, समोरच्याचा तोल कुठे आहे हे ओळखणं, सगळं आधीच अंगात भिनलेलं. दिंडोरीकडची एक पोरगी आली होती, घरच्या बागेत पाखरं हाकायला गोफण फिरवलेली. तिची फेक पाहून आमचे मोठे पिचर गप्प झाले.

चेंडूचा वेग मोजायला रडार गन घ्यावी का?

नको. मोबाइल पुरे. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा फोन हल्ली कोणाच्या तरी खिशात असतोच. चेंडू हातातून सुटला ते चित्र आणि ग्लोव्हमध्ये पोहोचला ते चित्र, यांच्यामधली चित्रं मोजा आणि २४० ने भागा, सेकंद मिळाले. चौदा मीटरवरून फेकणारं पोरगं पाऊल पुढे टाकूनच चेंडू सोडतं, म्हणून अंतर तेरा मीटर धरा. १५६ चित्रं भरली तर ०.६५ सेकंद, तेरा भागिले ०.६५ म्हणजे सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. हा त्या प्रवासातला सरासरी वेग आहे; गन हातातून सुटतानाचा मोजते म्हणून तिचा आकडा थोडा जास्त येतो. आपल्याला स्वतःचाच मागचा आकडा ताडून बघायचाय, त्यामुळे बिघडत नाही.

फक्त महिन्यातून एकदाच मोजा. रोज मोजलं की पोरगं आकड्यासाठी फेकतं, आणि कोपर त्याची किंमत देतं.

आमचा मुलगा वर्गात सगळ्यात बुटका आहे. त्याला घेतील का?

ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण निवडीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, माझ्याही झाल्यात.

मुलांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्या. पण हे सरासरीचं झालं. सातवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. जन्मदाखल्यावर दोघं एका वयाचे, अंगाने दोन-तीन वर्षांचं अंतर. चाचणीत पहिला लांब फेकतो, जोरात मारतो, आणि सगळे म्हणतात, "हा बघा हिरा!" तीन वर्षांनी दुसरा त्याच्या बरोबरीला येतो, आणि मग कळतं की पहिल्याला जोरावरच निभावायची सवय लागली होती, पाय हलवायला तो शिकलाच नाही. मी एका वर्षी अशा चार दांडग्या पोरांना घेतलं होतं. त्यातलं दहावीनंतर कोणी टिकलं नाही. ज्या बारक्याला परत पाठवलं तो आता दुसऱ्या संघाकडून आमच्याविरुद्ध खेळतो. चांगला खेळतो, हे सांगायला नको.

त्यात भर जन्मतारखेची. शालेय स्पर्धांत वयोगटाची रेषा १ जानेवारीला पडते. जानेवारीतलं पोरगं आणि डिसेंबरमधलं पोरगं एकाच गटात, पण मध्ये जवळजवळ अख्खं वर्ष. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलची रेषा कित्येक वर्षं ३१ जुलैला होती, आणि तिथे जन्मलेल्या मेजर लीगच्या खेळाडूंत जुलैपेक्षा ऑगस्टमध्ये जन्मलेले जास्त निघतात. ऑगस्टच्या बाळांना देव वेगळा हात देतो का? गटात सगळ्यात थोरलं असल्यामुळे ती आधी निवडली जातात, त्यांना सराव जास्त मिळतो, इतकंच. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असायचा, तेव्हा हा हिशेब मास्तरांच्या लेखणीत होता. आता दाखले खरे आलेत, तरी वय चोरून खालच्या गटात पोरगं घुसवणारे भेटतातच. त्या पोराची चाचणी मी मनातल्या मनात रद्द करतो. त्याच्या आकड्याला अर्थच नसतो.

म्हणून माझ्या यादीत नावापुढे जन्ममहिना आणि उंची दोन्ही लिहिलेली असतात. घरी दाराच्या चौकटीवर दर महिन्याला पेन्सिलीने खूण करा. उंची भराभर वाढतेय असं दिसलं की पुढचे काही महिने पोरगं धडपडणारच: झेल सुटतील, पळताना पायात पाय येतील. हातपाय लांब झालेत, डोक्याला अजून त्यांचा अंदाज नाही. त्या काळात घेतलेली कोणतीही चाचणी खोटी समजा.

त्याला बॅट लागतच नाही. हात-डोळ्यांचा मेळ नाही असं म्हणायचं का?

आधी चष्म्याचा नंबर तपासा. मी हे गमतीने सांगत नाही. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारी पोरं आमच्याकडे "रिफ्लेक्स कमी" म्हणून येतात.

मुलगा डावखुरा आहे. अडचण होईल?

उलट. डावखुरा बॅटर उभाच फर्स्ट बेसच्या बाजूला राहतो, त्यामुळे त्याला एखाद-दोन पावलं कमी पळावं लागतं. डावखुऱ्या पिचरला तर सगळीकडे मागणी. शॉर्टस्टॉप, सेकंड आणि थर्ड या जागांवर मात्र डावखुरे सहसा दिसत नाहीत, कारण फर्स्ट बेसकडे फेकताना अंग उलटं वळवावं लागतं. कॅचरही सहसा डावखुरा नसतो. घरी आजी प्रसाद उजव्या हातात घ्यायला लावते ते ठीक आहे. मैदानावर हात बदलायला लावू नका.

त्याला पिचरच व्हायचंय. रोज किती चेंडू टाकू द्यायचे?

रोज? रोज नाहीच.

वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या टोकाशी कूर्चेचा मऊ थर असतो. हाड तिथून वाढतं. प्रत्येक जोरदार फेकीत स्नायू आणि अस्थिबंध त्या जागेला ओढतात. मोठ्या माणसात अस्थिबंध आधी दुखावतो, पोरात हा थर. दुखणं सुरुवातीला सौम्य असतं, पोरगं संघाबाहेर जायच्या भीतीने बोलत नाही, आणि घरचे बाम चोळून पुन्हा पाठवतात.

अमेरिकेच्या लिटल लीगने, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या संघटनेने, दिवसाला टाकायच्या चेंडूंची मर्यादा वयावर बांधलीय: ९-१० वर्षांसाठी ७५, ११-१२ साठी ८५, १३ ते १६ साठी ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. ही वरची हद्द आहे, रोजचा खुराक नव्हे. आमच्याकडे मी याच्या निम्म्यावर थांबवतो, कारण आमची पोरं संध्याकाळी कॉलनीत क्रिकेटही खेळतात आणि ते चेंडू कोणी मोजत नाही. एकाच सामन्यात पिचर आणि कॅचर दोन्ही करू देऊ नका. कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतच असतो.

वर्षातून निदान चार महिने जोरदार फेक पूर्ण बंद ठेवावी असा तिथला सल्ला आहे. आपल्याला तो पावसाने आयताच दिलाय. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, तेव्हा पळा, दोरीवरच्या उड्या मारा, पोहा. पण नेमक्या पावसाळा सरता सरता शालेय स्पर्धा लागतात आणि चार महिने विसावलेल्या हाताला आठवड्याभरात सामन्याला जुंपलं जातं. तेव्हा निदान महिनाभर आधी हळूहळू अंतर वाढवत आणा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा घसरतो तेव्हा सकाळी सहाला पहिलाच चेंडू जोरात फेकायला लावणाऱ्या मास्तराला मी मास्तर म्हणत नाही. आधी अंगाला घाम, मग हातात चेंडू.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं पोराने म्हटलं तर त्या दिवसापासून फेक बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ. मालिशवाला नाही.

मुलगा चौदाचा झाला. आता सुरू करून उशीर नाही का झाला?

आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जायचा. सैन्यात भरती झाल्यावर त्याने पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने होडी वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला. खेळ नवा होता, अंगातली ताकद आणि कष्टाची सवय जुनी होती.

बेसबॉलमधलं उदाहरण हवं असेल तर २००८ मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकणाऱ्यांचा शोध घेणारी 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धा झाली. त्यातून निघालेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू होते. बेसबॉल त्यांनी कधी खेळलेला नव्हता. दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत दोघंही पोहोचले नाहीत, हेही सांगायला हवं. हात तयार होता, पण खेळाची समज विशीत कमवावी लागली.

चौदाव्या वर्षी आलेलं पोरगं कोणता तरी दुसरा खेळ मनापासून खेळलेलं असेल तर मला उशीर वाटत नाही. काहीच न खेळता आलेलं असेल तर मात्र आधी वर्षभर नुसतं अंग तयार करावं लागतं.

मुलीला बेसबॉलमध्ये घालावं की सॉफ्टबॉलमध्ये?

दोन्ही खेळू द्या. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, बारा इंच घेराचा. पिचिंग खालून हात फिरवून, १३.११ मीटरवरून. महाराष्ट्रात मुलींना सॉफ्टबॉलचे सामने जास्त मिळतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही पुरुषांचं बेसबॉल आणि महिलांचं सॉफ्टबॉल आहे. म्हणून मुलींनी बेसबॉल खेळू नये असं नाही. २०१४ मध्ये मोने डेव्हिस नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये समोरच्या मुलांच्या संघाला एकही धाव न देता आपल्या संघाला सामना जिंकून दिला होता. बारा वर्षांच्या आतल्या मुलामुलींची चाचणी मी एकत्रच घेतो. पहिल्या पाचात मुली असतातच.

स्वभाव कसा ओळखता?

चाचणी दोनदा घेतो. पहिल्या दिवशी प्रत्येक पोराला एकच गोष्ट सांगतो, जास्त नाही. "फेकताना डावा पाय त्या झाडाकडे टाक," एवढंच. दोन आठवड्यांनी परत बोलावतो आणि आठवण न करता फेकायला लावतो. ज्याचा पाय झाडाकडे पडतो त्याच्या नावापुढे टिक. आजवर माझा सगळ्यात कमी चुकलेला निकष हाच.

हरण्याची रीतही बघतो. मेजर लीगमध्ये दहापैकी तीन वेळा हिट मिळवणारा, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणारा, बॅटर उत्तम समजतात, म्हणजे सात वेळा तो हात हलवत परत येतो. बॅट आपटणारं पोरगं मला चालतं, पुढच्या चेंडूला विसरलं तर. चालत नाही ते प्रत्येक चेंडूनंतर कडेला उभ्या असलेल्या बाबांच्या तोंडाकडे बघणारं. त्यात दोष पोराचा नसतो.

निवड यादीत नाव आलं नाही. आता?

सरांना जाऊन विचारा, "कशात कमी पडला?" उत्तर "एकूणच" असं आलं तर ती निवड गांभीर्याने घेऊ नका. "पहिले दहा मीटर मंद आहेत" असं आलं तर तुमचं काम सोपं झालं. त्याच्यावर सहा महिने घाला आणि परत या.

यातून गुण, नोकरी काही मिळेल का?

दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण कोणता खेळ, कोणत्या पातळीची स्पर्धा धरली जाते, याचे नियम बदलत असतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्या वर्षीचा शासन निर्णय बघून घ्या. केवळ त्यासाठी पोराला पहाटे पाचला उठवत असाल तर ट्यूशन जास्त फायद्याची.

चाचणीला येताना काय आणायचं?

पकड असलेले बूट, पाण्याची बाटली, डोक्याला टोपी, जन्मदाखल्याची झेरॉक्स. येण्याआधी दीड तास पोटभर खाणं, पोहे किंवा भाकरी-अंडं काहीही, पण रिकाम्या पोटी नको. ग्लोव्ह विकत घेऊ नका, आमच्याकडे आहेत. डावखुऱ्यांनी तेवढं आदल्या दिवशी कळवावं; उजव्या हातात घालायचे ग्लोव्ह माझ्याकडे दोनच आहेत आणि त्यातल्या एकाची दोरी तुटलीय.